घोटा वारंवार मुरगळतो. फुटबॉल खेळणाऱ्या मुलाने कोणते व्यायाम करावेत?

पालक, फोंडा:
माझा 15 वर्षांचा मुलगा शाळेच्या संघात खेळतो. खडबडीत मैदानावर त्याचा उजवा घोटा वारंवार मुरगळतो आणि सूज उतरताच तो पुन्हा खेळायला धावतो. खेळ बंद न करता हे टाळता येईल का?

फिजिओथेरपिस्ट, म्हापसा:
सूज उतरली म्हणजे सांधा बरा झाला असे कृपया समजू नये. मुरगळताना घोट्याच्या बाहेरील अस्थिबंध (हाडे एकमेकांना जोडणारे तंतू, लिगामेंट) ताणले जातात आणि पाऊल कसे पडले हे मेंदूला कळवणारी संवेदनाही मंदावते, म्हणून तोच घोटा पुन्हा दगा देतो. एका पायावर 30 सेकंद तोल सांभाळणे, आधी डोळे उघडे ठेवून व नंतर मिटून, आणि पायरीच्या कडेवर टाचा उचलणे हे रोज करावे. त्या पायावर वेदनेशिवाय उड्या मारता येईपर्यंत सामना नकोच. नवीन दुखापतीनंतर चार पावलेही टाकता येत नसतील, तर आधी एक्स-रे काढावा.

प्रशिक्षक, मडगाव:
फिफाचा ‘11+’ सराव संपूर्ण संघाला लावावा. सुमारे 20 मिनिटांच्या या सरावात धावणे, ताकद व तोल, आणि पुन्हा धावणे असे तीन भाग असून तो आठवड्यातून किमान दोनदा करायचा असतो. सामन्याच्या दिवशी मधला भाग वगळतात.

पालक, फोंडा:
आभारी आहे. घोट्याला पट्टा बांधावा का?

फिजिओथेरपिस्ट, म्हापसा:
खेळताना अवश्य बांधावा. मात्र व्यायाम सोडू नयेत.