मदत हवी आहे : वेल्समधील पारितोषिकप्राप्त पदार्थांतून शाकाहारी पाहुण्यांसाठी काय निवडावे?

नमस्कार. येत्या सप्टेंबरात सासूबाई आणि मामंजी सांगलीहून आमच्याकडे कार्डिफला येत आहेत. त्यांना डोंगर, किल्ले आणि समुद्र दाखवायचे ठरलेच आहे. पण वेल्समध्ये बनणारे आणि ज्यांचे नाव झाले आहे असे निवडक खाद्यपदार्थही त्यांच्यापुढे ठेवावेत आणि परतताना त्यांतले थोडे त्यांच्या सामानातून पाठवावेत, असा माझा विचार आहे. अडचण अशी की सासूबाई अंडेसुद्धा खात नाहीत आणि मामंजींना मटण, मासे व रात्रीचा एखादा पेग यांतले काहीच वर्ज्य नाही.

दुकानात गेल्यावर माझा खरा गोंधळ होतो तो शिक्क्यांमुळे. एखाद्या बरणीवर ‘ग्रेट टेस्ट’चे काळे-सोनेरी तारे असतात, दुसरीवर भौगोलिक मानांकनाचे चिन्ह असते आणि तिसरीवर वेल्सच्या झेंड्यावरचा नुसता लाल ड्रॅगन छापलेला असतो, ज्यावरून माझ्या मते काहीच सिद्ध होत नाही, तरी किंमत मात्र तिन्हींची चढीच. यांतल्या कोणत्या खुणेवर किती विश्वास ठेवावा?

एका पदार्थाबद्दल माझ्या मनात शंका नाही, तो म्हणजे अँगलसी बेटावरचे ‘हालेन मोन’ हे मीठ. त्याला २०१४ मध्ये संरक्षित उगमस्थानाचे मानांकन मिळाले. मेनाय सामुद्रधुनीचे पाणी गाळून ते निर्वात भांड्यात कमी तापमानाला उकळतात, दाट झालेले खारे पाणी उथळ टाक्यांत ठेवून त्यावर हळूहळू स्फटिक धरू देतात आणि मग ते पातळ, चुरचुरीत पापुद्रे हाताने काढून घेतात. पेण-उरणकडच्या मिठागरांत जे काम ऊन फुकटात करते, त्यासाठी इथल्या ढगाळ हवेत एवढा खटाटोप करावा लागतो, हे मामंजींना सांगायला मला आवडेल. काकडीच्या चकत्यांवर हे मीठ वरून भुरभुरले की दाताखाली कण फुटतो आणि खारटपणा पटकन विरून जातो. आमटीत घालून ते वाया घालवू नये.

मीठ सोडून बाकी काय घ्यावे, सासूबाईंसाठी चीज आणि गोड पदार्थ निवडताना काय पाहावे आणि भारतात काय नेता येईल, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण ज्या दोन खुणांचा उल्लेख केला आहे, त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. ‘ग्रेट टेस्ट’ ही गिल्ड ऑफ फाइन फूड या संस्थेची १९९४ पासून चालत आलेली स्पर्धा आहे. तिच्यात पदार्थ वेष्टनातून काढून, उत्पादकाचे नाव न कळू देता परीक्षकांपुढे ठेवला जातो आणि चवीवरून एक, दोन किंवा तीन तारे दिले जातात. तारा कंपनीला नव्हे, तर त्या विशिष्ट पदार्थाला मिळतो. म्हणून एखाद्या मुरंब्याला मिळालेल्या ताऱ्यांच्या भरवशावर त्याच कंपनीची चटणी घेऊ नये, आणि चिन्हावर छापलेले वर्षही पाहावे. स्पर्धेत उतरण्यासाठी शुल्क भरावे लागत असल्यामुळे अनेक छोटे उत्पादक तिकडे फिरकतच नाहीत. तारा नाही म्हणजे माल हलका, असा अर्थ काढू नये.

भौगोलिक मानांकन मात्र चवीला गुण देत नाही. पदार्थ कुठे आणि कोणत्या पद्धतीने बनला, याची ती कायदेशीर हमी असते. आपल्या हापूसला २०१८ मध्ये मिळाले, त्याच जातीचे हे प्रकरण आहे. वेल्समध्ये पेम्ब्रोकशायरचे हंगामाच्या सुरुवातीचे बटाटे, कॉनवीचे शिंपले, पारंपरिक केअरफिली चीज अशा बऱ्याच पदार्थांना ते मिळाले आहे.

मामंजींसाठी माझी शिफारस गावर द्वीपकल्पातल्या खाऱ्या दलदलीवर चरणाऱ्या कोकरांच्या मटणाची आहे. युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर ब्रिटनने स्वतःची मानांकन योजना सुरू केली, तेव्हा तिच्याखाली २०२१ मध्ये नोंदला गेलेला पहिला पदार्थ हाच. भरतीचे पाणी चढते अशा जमिनीवरच्या खारट वनस्पती खाऊन ही कोकरे वाढतात. हे मटण जून ते डिसेंबर एवढ्याच काळात मिळते, त्यामुळे सप्टेंबर अगदी योग्य आहे. फक्त त्याचा झणझणीत रस्सा करू नका. मीठ-मिरी लावून भाजा, नाहीतर साधे मटण आणि हे मटण यांत फरक कळणार नाही.

प्रतिसाद २

सासूबाईंच्या बाबतीत लेबल वाचण्यावाचून गत्यंतर नाही. चीज करताना दूध फाडण्यासाठी वापरले जाणारे रेनेट परंपरेने वासराच्या जठरातून काढलेले असते, आणि मोठे पारितोषिक मिळालेल्या चीजमध्येही ते असू शकते. पाकिटावर ‘शाकाहारींसाठी योग्य’ असे लिहिलेले नसेल, तर ते चीज त्यांच्यासाठी घेऊ नये. स्नोडोनिया चीज कंपनीचे काळ्या मेणात गुंडाळलेले ‘ब्लॅक बॉम्बर’ हे मुरवलेले चेडर शाकाहारी आहे आणि सहज मिळते. केअरफिली मिळाले तर जरूर चाखून पाहा; ते पांढरे, भुसभुशीत आणि किंचित आंबट असते, त्यामुळे चीजची सवय नसलेल्या माणसालाही ते लवकर आवडते. कोळशाच्या खाणीत घामावाटे गेलेले मीठ भरून निघावे म्हणून कामगार ते डब्यात नेत, असे इथे सांगतात.

गोड पदार्थांत जास्त जपावे लागेल. तव्यावर भाजलेले, बेदाणे घातलेले वेल्श केक खमंग लागतात, पण त्यांत अंडे असते आणि जुन्या पद्धतीत डुकराची चरबीही असते. चहात भिजवलेल्या सुक्या मेव्याचा ‘बारा ब्रिथ’ हा पावही आता बहुतेक ठिकाणी अंडे घालूनच करतात.

‘लेव्हरब्रेड’ या नावात पाव असला तरी तो समुद्री शेवाळ कित्येक तास शिजवून केलेला काळपट हिरवा लगदा असतो. त्याला २०१७ मध्ये मानांकन मिळाले. तो मुळात शाकाहारी आहे. मात्र उपाहारगृहात तो बेकनच्या चरबीत परतून, शेजारी शिंपल्यांसह वाढतात. स्वान्सीच्या बाजारातून नुसता लगदा आणावा, त्यात ओटचे पीठ मिसळून टिक्क्या थापाव्यात आणि लोण्यावर परताव्यात. तरीही सासूबाईंना त्याचा समुद्राचा वास सोसेल, अशी खात्री मी देणार नाही.

प्रतिसाद ३

भारतात नेण्याविषयी थोडे. मांस आणि चीज यांना पशुजन्य पदार्थांच्या आयातीचे नियम लागू होतात, त्यामुळे ते इथेच खाऊन संपवावे. मीठ, चहा, चॉकलेट आणि मुरंबे खुशाल न्यावेत. मुरंब्याच्या बरण्या मात्र चेक-इन सामानात टाकाव्यात.

मामंजींना पेग चालतो म्हणता, तर पेंडेरिन या वेल्श व्हिस्कीच्या डिस्टिलरीचा फेरफटका चुकवू नका. ती कार्डिफच्या उत्तरेला ब्रेकन बीकन्स डोंगरांच्या पायथ्याशी, गाडीने तासाभरावर आहे. वेल्समध्ये सुमारे शतकभर खंड पडल्यानंतर या व्हिस्कीची पहिली विक्री १ मार्च २००४ रोजी, म्हणजे सेंट डेव्हिड्स डेला सुरू झाली. स्कॉटलंडमध्ये साधारणतः दोन भट्ट्यांतून मद्य काढतात. इथे डेव्हिड फॅरेडे यांनी आखलेल्या एकाच उंच तांब्याच्या भट्टीतून ते ९२ टक्के तीव्रतेचे निघते, म्हणून व्हिस्की हलकी आणि फळांच्या वासाची होते. पुढे ती बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या आणि मग मदेरा या वाइनच्या पिंपांत मुरते. वेल्श सिंगल माल्ट व्हिस्कीला २०२३ मध्ये मानांकनही मिळाले. भारतात प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य करमुक्त नेता येते, तेव्हा ७० सेंटिलिटरच्या दोन बाटल्या आरामात बसतील.

सप्टेंबरातच अ‍ॅबरगवेनीचा खाद्यमहोत्सव भरतो. १९९९ पासून चालू असलेल्या या महोत्सवात उत्पादक स्वतः उभे असतात. रेनेट कोणते, चरबी कोणती, हे त्यांनाच विचारता येते. कार्डिफहून थेट रेल्वे आहे. तारखा पाहून तिकिटे आधी काढा, कारण शनिवारी चालायलाही जागा उरत नाही.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. महोत्सवाच्या तारखा पाहते आणि त्याच आठवड्यात पेंडेरिनची भेटही बसवते. सामानात मीठ आणि व्हिस्की जाईल. चीज व मटण इथेच. एवढेच विचारायचे राहिले : कार्डिफ किंवा न्यूपोर्टच्या आसपास बिनअंड्याचा बारा ब्रिथ विकणारी बेकरी कोणाला ठाऊक आहे का? नसल्यास दह्यावर किंवा सोडा घालून घरी केलेली, नीट फुगणारी एखादी कृती मिळाली तरी चालेल.