मदत हवी: ईएसपी (वायफाय बोर्ड) कांदा चाळीत नेला की मुका होतो

कांदेवाला_निफाड:
कांदा साठवायच्या चाळीत तापमान-आर्द्रता मोजायला ईएसपी८२६६ बोर्ड आणि डीएचटी२२ सेन्सर जोडलाय. घरी टेबलवर दोन दिवस मस्त चालला, दर १५ मिनिटांनी रीडिंग. चाळीत ठेवला की एकच रीडिंग येतं, मग गप्प. तीन वेळा झालं. कोड बरोबर आहे. लवकर सांगा, पाऊस चालू झालाय.

सोल्डरबाबा:
सेन्सरच्या डेटा पिनला १० के (१० हजार ओहम) रेझिस्टर लावलाय का? नव्वद टक्के लोक तिथंच फसतात.

कांदेवाला_निफाड:
लावलाय. घरी चालतो म्हटलं ना.

चिंचवडकर:
वायफाय पोचत नसेल. हा बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ पकडतो. मी तर म्हणतो लोरा (लांब पल्ल्याचा रेडिओ) घ्या, माझं पंप-हाउस दीड किलोमीटरवर आहे, एकदाही...

सोल्डरबाबा:
झालं यांचं लोरा सुरू. अहो, पहिलं रीडिंग पोचतंय म्हणजे रेंज आहे. भाऊ, दोन रीडिंगांच्या मध्ये डीप स्लीप (बोर्ड झोपवणं) टाकलंय का? त्याला उठवायला डी० आणि आरएसटी पिना एकमेकींना जोडल्यात?

कांदेवाला_निफाड:
डीप स्लीप आहेच, दर १५ मिनिटांनी उठतो. वायर जोडली आहे. चाळ घरापासून ३० पावलांवर.

आप्पा_लासलगाव:
चाळ एक पाखी (एका ओळीची) का दुपाखी? एक पाखी असेल तर दक्षिणोत्तर हवी. आमच्याकडे गेल्या साली एकाची उलटी बांधली, कांदा पार गेला.

कांदेवाला_निफाड:
आप्पा, कांद्याचं विचारलं नाही हो.

मधली_आळी:
एमक्यू१३५ गॅस सेन्सर पण लावा, कांदा सडला की वास पकडेल.

सोल्डरबाबा:
त्याचा हीटर ५ व्होल्टवर दीडशे मिलिअँपच्या आसपास सतत खातो. चाळीत वीज तरी आहे का? बोर्ड चालतो कशावर?

कांदेवाला_निफाड:
पॉवर बँकेवर. अजून कशावर चालणार?

सोल्डरबाबा:
हे आधी सांगायचं ना राव! बोर्ड झोपला की करंट जवळजवळ शून्यावर येतो. पॉवर बँकेला वाटतं मोबाइल काढला, ती स्वतःच बंद होते. घरी चार्जरवर असेल, म्हणून चालला. आत्ता जाऊन तिचं बटण दाबा.

चिंचवडकर:
बँकेच्या आउटपुटला ४७ ओहमचा रेझिस्टर टाका, करंट सतत वाहील आणि बँक जागी राहील.

सोल्डरबाबा:
आणि अर्धा वॉट नुसता जाळा? १०००० एमएएचची बँक अडीच दिवसांत रिकामी होईल. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल घ्या, ३.२ व्होल्टचा, थेट बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनवर. नेहमीचा लिथियम-आयन १८६५० सेल घेऊ नका. बोर्डावरच्या एएमएस१११७ ला (व्होल्टेज ३.३ वर आणणारी चिप) ३.३ च्या वर एक व्होल्ट तरी जास्त लागतो, तेवढा तो सेल देत नाही.

कांदेवाला_निफाड:
दाबलं. लगेच रीडिंग आलं. २७ अंश, ८४ टक्के.

आप्पा_लासलगाव:
८४? सत्तरच्या वर जाऊ द्यायचं नाही. उघडीप मिळाली की बाजूची ताडपत्री वर करा आधी, नाहीतर कांदा सडेल.

कांदेवाला_निफाड:
करतो आप्पा. सोल्डरबाबा, सेल एकच पुरेल का दोन? आणि नाशकात कुठं मिळेल?