मदत हवी आहे: मला सिलिॲक, घरात दोन्ही वेळा पोळ्या. एकाच ओट्यावर ग्लुटेनमुक्त स्वयंपाक कसा सांभाळता?

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी मला सिलिॲक असल्याचं निदान झालं. (गव्हासारख्या धान्यातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करतं, तो हा आजार.) टीटीजी आयजीए ही रक्ततपासणी बरीच वर आली, मग दुर्बिणीतून लहान आतड्याचे तुकडे काढून तपासले, आणि डॉक्टरांनी सांगितलं की गहू, जव आणि राय आता जन्मभर बंद. (राय हे तिकडे युरोपात पिकणारं धान्य. आपल्या मोहरीला राई म्हणतात, तिचा याच्याशी संबंध नाही.) त्याआधीची काही वर्षं पोट फुगणं, जुलाब, सारखं तोंड येणं आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन यातच गेली. त्यावर लिहायचं तर वेगळा धागा काढावा लागेल.

मी सोलापूरकडची. ज्वारीची भाकरी, कडक भाकरी, शेंगाचटणी यावरच वाढले, त्यामुळे "आता काय खाऊ?" हा प्रश्न मला फारसा पडला नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा, साबुदाणा, सगळ्या डाळी, भाज्या, मासे, अंडी, दूध हे सगळं मला चालतं. गव्हावर वाढलेल्या उत्तरेकडच्या माणसाला हे पथ्य जितकं जड जात असेल तितकं ते आपल्याला जाऊ नये असं मला खरंच वाटतं.

माझी अडचण वेगळी आहे. सध्या आम्ही पुण्यात राहतो. घरात सहा माणसं आणि दोन्ही वेळा ताज्या पोळ्या. ओटा एकच, दोन शेगड्या. सासूबाई सत्तरीच्या, आणि स्वयंपाकघर अजून त्यांच्याच हातात आहे. माझ्यासाठी त्या मनापासून भाकरी करतात. आधी कणीक मळून होते, त्याच परातीत पुसून ज्वारीचं पीठ घेतलं जातं. पोळ्यांची पिठी उडालेल्या ओट्यावर माझी भाकरी थापली जाते. तवा तोच, उलथनं तेच, तुपाच्या भांड्यातला चमचाही तोच. गव्हाचा पदार्थ म्हणून मी एकही खात नाही. त्रास निम्म्याहून कमी झालाय, हिमोग्लोबिनही सुधारलंय, पण टीटीजी उतरता उतरता मध्येच अडकलाय. डॉक्टर म्हणाले, "कुठूनतरी गहू जातोय, शोधा."

म्हणून शोधायला लागले आणि थक्क झाले. बांधानी हिंगात डिंकाबरोबर पीठ घालतात आणि ते बहुतेक वेळा गव्हाचं असतं, हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे आमटी, कोशिंबिरीची फोडणी, लोणचं, ताक, सगळीकडे थोडं थोडं. मेतकुटात गहू. थालिपिठाच्या भाजणीत गहू. सातूच्या पिठात तर गहू किंवा जव असायचाच. सोया सॉसमध्ये गहू, दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव. आणि गिरणी! "ज्वारीवर ज्वारी दळा" असं सांगून डबा ठेवला तरी त्या जात्यातून दिवसभर गहूच गेलेला असतो.

आता मुख्य प्रश्न. ज्यांच्या घरी एकालाच सिलिॲक आहे आणि बाकीचे गहू खातात, ते स्वयंपाकघर नेमकं कसं लावतात? कोणत्या वस्तू वेगळ्या ठेवाव्याच लागतात आणि कोणत्या साबणाने घासून चालतात? सगळ्या घराचा गहू बंद करावा असं मला वाटत नाही. सासऱ्यांना पोळीशिवाय जेवण जात नाही आणि त्यांनी या वयात ते का सोडावं?

दुसरं, हे सासूबाईंना कसं समजावू? त्या ऐकत नाहीत असं मुळीच नाही. पण त्यांच्या लेखी पथ्य म्हणजे "कमी खा". मधुमेहाचं, रक्तदाबाचं पथ्य त्यांनी आयुष्यभर सांभाळलंय, तिथे कधीतरी घासभर चालतं. सत्यनारायणाचा शिरा हातावर ठेवताना त्या म्हणतात, "एवढ्याशा प्रसादाने काय होतंय?" मी तो कपाळाला लावून मुलीच्या हातावर देते. त्यांना वाईट वाटतं आणि मलाही.

आणि तिसरं, माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिचंही पोट अधूनमधून दुखतं. तिचाही गहू महिनाभर बंद करून बघावा असं घरात चाललंय. करावं का?

सविस्तर लिहिलंत तर खूप उपकार होतील.

प्रतिसाद (नाशिकहून)

ताई, माझ्या मुलाला तो पाच वर्षांचा असताना निदान झालं, आता तो कॉलेजात आहे. आमच्याकडे बाकी सगळे पोळी खातात, त्यामुळे तुमचं घर डोळ्यांसमोर आलं.

पहिली गोष्ट, क्रम उलटा करा. सकाळी कोरड्या, पुसलेल्या ओट्यावर आधी तुमची भाकरी, भाजी, आमटी होऊ दे. ती झाकून वर फडताळात ठेवा. कणकेचा डबा त्यानंतरच उघडायचा. वेळ तितकाच लागतो आणि निम्मा प्रश्न सुटतो, कारण हवेत उडालेली पिठी नंतर खाली बसते ती तुमच्या अन्नावर बसत नाही.

वेगळ्या ठेवायच्या वस्तू म्हणजे ज्यांच्या भेगांत, छिद्रांत पीठ अडकतं त्या. लाकडी पोळपाट-लाटणं, काथवट, पिठाची चाळण, बिडाचा तवा, लाकडी उलथनं, भाकरी ठेवायची दुरडी आणि तिच्यातलं फडकं. चाळण तर काहीही झालं तरी वेगळी हवी, तिच्या जाळीतलं पीठ धुऊनही जात नाही. स्टीलची परात, पातेली, कुकर, चमचे, ताटं साबणाने घासून वाहत्या पाण्यात धुतली की पुरे. आम्ही मुलाच्या सगळ्या वस्तूंना लाल रंगाचा ठिपका दिलाय. कामाला येणाऱ्या मावशी बदलल्या तरी कुणाला नव्याने समजवावं लागत नाही.

तूप, लोणी, जॅम, चटणी यांची तुमची छोटी बरणी वेगळी काढा. पोळीला लावलेला चमचा परत भांड्यात जातो, तेव्हा त्याच्यासोबत कण जातात. तळणाचं तेलही तसंच. ज्या तेलात पुऱ्या, शंकरपाळे तळले, त्यात तुमचे साबुदाणा वडे नकोत.

हिंगाचं मात्र वेगळी बरणी करून भागत नाही, घरातला हिंगच बदला. घटकांत तांदळाचं पीठ लिहिलेला बांधानी हिंग मिळतो, तो सगळ्यांनाच चालतो.

गिरणीचं तर मी ठाम सांगेन, घरघंटी घ्या. एकदाचा खर्च आहे, पण याच्याइतका उपयोगी पडलेला दुसरा खर्च आम्ही केला नाही. आणि मग तिच्यात गहू कधीच घालायचा नाही, पाहुणे आले, सण आला तरी नाही. घरचा गहू बाहेरच्या गिरणीत जाऊ दे. ज्वारी दळण्याआधी ताटात पसरून निवडा, तिच्यात गव्हाचे दाणे सापडतात. मग धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून दळा. बेसनही घरीच, हरभरा डाळ आणून. भाजणी घरी करताना गहू वगळला तर थालीपीठ थोडं भुरभुरतं, तिथे उडीद डाळ जरा वाढवा आणि पीठ कोमट पाण्यात भिजवा.

आणखी एक सांगते, कारण बरेच जण यात फसतात. खपली गहू चालत नाही. "जुना, देशी आहे, पचायला हलका आहे" असं कितीही सांगोत, त्यात ग्लुटेन आहेच. सेंद्रिय गव्हातही आहे.

प्रतिसाद (आहारतज्ज्ञ)

मुलीबद्दल आधी लिहिते, कारण ते तातडीचं आहे. तपासणीआधी तिचा गहू बंद करू नका. गहू थांबवला की रक्तातली प्रतिपिंडं खाली येतात आणि आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. मग निदानासाठी पुन्हा काही आठवडे गहू खायला लावावा लागतो, आणि पोट दुखणाऱ्या मुलाला ते फार जड जातं. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात साधारण दहात एकाला सिलिॲक निघतो, त्यामुळे तिला त्रास नसता तरी तपासणी करा असंच सांगितलं असतं. टीटीजी आयजीएबरोबर एकूण आयजीएही मोजायला सांगा. काहींच्या शरीरात आयजीए हे प्रतिपिंडच कमी असतं आणि मग टीटीजी फसवतो. तुमच्या भावंडांनाही हे कळवा.

सासूबाईंसाठी एक हिशेब देते. आमच्याकडे येणाऱ्या घरच्यांना मी हाच सांगते. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी सिलिॲकच्या रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तरी आतड्यावर त्याचा परिणाम दिसला. आपल्या मध्यम पोळीत अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे रोज पोळीचा पन्नासावा तुकडा पुरतो. मधुमेहात घासभर साखर खाल्ली तर ती वाढते आणि उतरते. इथे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर चालून जाते, आणि त्या दिवशी पोट दुखलं नाही तरी आत नुकसान होत असतं. मी तर सुचवेन की पुढच्या वेळी डॉक्टरांकडे त्यांना बरोबर न्या. हे सुनेच्या तोंडून ऐकण्यापेक्षा डॉक्टरांकडून ऐकलेलं वेगळं असतं, आणि तुमच्यावरचा भारही उतरतो.

पाकिटावर "ग्लुटेनमुक्त" लिहायचं तर भारतात मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅमची आहे. "कमी ग्लुटेन" असा दुसरा प्रकार असतो, तो २० ते १०० मिलिग्रॅमचा, तो तुमच्यासाठी नाही. मैद्याऐवजी टॅपिओका आणि बटाट्याचं स्टार्च घातलेली महागडी बिस्किटं रोज खाऊ नका, त्यात तंतू जवळजवळ नसतात आणि बद्धकोष्ठ होतं. नाचणी खा, १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम आहे. ड जीवनसत्त्व, बी १२, फोलेट तपासलंय ना? हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणीही डॉक्टरांना विचारा. दूध प्यायल्यावर पोट फुगत असेल तर घाबरू नका, आतडं दुखावलेलं असताना दूध पचवणारं विकर कमी पडतं आणि भरून आलं की बहुतेकांचं सुधारतं. तोवर दही-ताक.

टीटीजी उतरायला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं, तेव्हा आकडा हळू उतरतोय म्हणून खचू नका. पण अडकलाय तर स्वयंपाकघर तपासायचंच.

प्रतिसाद (न्यू जर्सीहून)

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक भर. इथे अमेरिकेत पाकिटावर गव्हाचा उल्लेख सक्तीचा आहे, पण जवाचा नाही. त्यामुळे "गहू नाही" एवढं वाचून थांबू नका, माल्ट हा शब्द शोधा. ओट्स घ्यायचेच तर ग्लुटेनमुक्त असा शिक्का असलेलेच, कारण साधे ओट्स शेतात आणि कारखान्यात गव्हासोबत फिरलेले असतात. आणि शुद्ध ओट्सही काही सिलिॲक लोकांना सोसत नाहीत, म्हणून आधी डॉक्टरांशी बोला. भारतीय दुकानातून आणलेला हिंग मात्र इथेही पाठ फिरवून वाचावा लागतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पन्नासाव्या तुकड्याचा हिशेब मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पोळी हातात घेऊन तिचा किती तुकडा होतो ते मोडून बघितलं आणि म्हणाल्या, "हे मला आधी कुणी सांगितलं का नाही?" आता सकाळी माझी भाकरी आधी होते. माझी परात, चाळण आणि तवा वेगळे झाले. घरघंटीचं बघतोय. मुलीच्या तपासणीची वेळ घेतली आहे आणि तोवर ती नेहमीसारखी पोळी खातेय. पुढच्या पूजेला वरईचा शिरा करायचा असंही सासूबाईंनीच ठरवलंय, सगळ्यांसाठी एकच.

अजून एक विचारते. मे महिन्यात नागपूरला नणंदेच्या मुलाचं लग्न आहे. मुक्कामी जायचंय. तिथे काय करू? डबा उघडून बसलं की प्रत्येक जण विचारतो, आणि न जाणं मला पटत नाही.

प्रतिसाद (नाशिकहून)

जा, नक्की जा. नणंदेला आत्ताच फोन करून आचाऱ्याचा नंबर घ्या आणि आदल्या दिवशी स्वतः बोला. "ग्लुटेन" म्हणू नका. "गहू, मैदा, रवा आणि हिंग चालत नाही, आजार आहे" असं सांगा. आचारी लोक हे पटकन समजून घेतात, आम्हाला तरी चांगलाच अनुभव आहे. साधा भात आणि फोडणी न दिलेलं वरण वाढप सुरू होण्याआधी झाकणाच्या डब्यात काढून ठेवायला सांगा, त्यावर तूप आपल्या बरणीतलं. पंगतीत एकच डाव सगळ्या भांड्यांतून फिरतो, म्हणून आधी काढलेलंच खा. पातोडीचा रस्सा बेसनाचा दिसला तरी बेसन कुठलं आणि हिंग कोणता ते कळत नसेल तर सोडा. बाजारच्या मसाल्यातही हिंग असतो. आमरस घरचा असेल तर पोटभर. सोबत ज्वारीच्या कडक भाकऱ्या, शेंगाचटणी आणि राजगिऱ्याचे लाडू न्या. तुम्ही सोलापूरच्या, कडक भाकरी आठवडाभर टिकते हे मी तुम्हाला काय सांगायचं. लाडू मात्र जास्तीचे करा, पोरं मागायला येतात.