यंत्रवास्तू की वास्तुयंत्र?

प्रश्न: एका एचिंगखाली (आम्लाने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून छापलेल्या चित्राखाली) मराठी ओळ लिहायची आहे. चित्रात इमारत आहे, पण कमानींत दातेरी चाकं बसवलीत, खांबांच्या जागी पिस्टन आहेत आणि छपरातून क्रेन निघते. 'वास्तुयंत्राचे प्रायोगिक मुद्राचित्र' चालेल? की सरळ 'छापील चित्र' म्हणू?

— 'वास्तुयंत्र' नको. वाचकाला दोष घालवायला दारावर ठोकतात तो तांब्याचा पत्रा आठवेल! शिवाय तत्पुरुषात भार शेवटच्या पदावर असतो. यंत्रशाळा ही शाळा, शिवणयंत्र हे यंत्र. तुमच्याकडे मूळ आकार इमारतीचा, म्हणून 'यंत्रवास्तू'. रुळलेला नाही, पण लगेच कळतो. आणि शेवटी आला की 'स्तू' दीर्घ.

— 'छापील चित्र' म्हणजे पुस्तकातलं, कॅलेंडरवरचं. मूळ चित्र वेगळं आणि ही त्याची नक्कल. एचिंगमध्ये कागदावरचं असं वेगळं मूळ नसतंच. तांब्याच्या प्लेटवरचा लेप सुईने खरवडायचा, उघडी रेघ आम्लाने खायची, शाई भरून पृष्ठभाग पुसायचा, ओलसर कागद प्रेसमधून काढायचा. निघेल ती प्रत्येक प्रत अस्सल. त्यामुळे 'मुद्राचित्र'च बरोबर, आणि 5/30 लिहिलंत तर ती तीसमधली पाचवी 'प्रत', 'कॉपी' नव्हे.

— थोडं अवांतर. 'यंत्र' ज्या धातूतून आला त्याचा अर्थ आवरणं, जखडणं. 'नियंत्रण'मध्ये तो अजून दिसतो, आणि बंगालीत 'यंत्रणा' म्हणजे चक्क वेदना. अठराव्या शतकातला इटालियन चित्रकार पिरानेझी याची काल्पनिक तुरुंगांची एचिंग बघा: अवाढव्य कमानी, कुठेच न पोचणारे जिने, मधे कप्प्या, दोरखंड, चाकं. 1750च्या सुमाराची 14 चित्रं. 1761 मध्ये त्याच प्लेट पुन्हा कोरून गडद केल्या आणि संख्या 16 झाली. तिथे 'यंत्रवास्तू' दोन्ही अर्थांनी बसतो.

— मला खटकतो तो 'प्रायोगिक'. प्रयोग कशात, विषयात की तंत्रात? नाटकवाल्यांनी तो शब्द इतका वापरलाय की आता त्यातून काहीच कळत नाही. मऊ लेपावर तारेची जाळी वगैरे दाबून पोत घेतला असेल, तर तसंच लिहा.

— जाळीच दाबली आहे. मग 'यंत्रवास्तू. एचिंग, मऊ लेप. 5/30'?

— उत्तम. फक्त 'मऊ लेपा'ला स्टुडिओत सगळे 'सॉफ्ट ग्राउंड'च म्हणतात. तेच लिहा.