मुलांच्या कॅन्सर वॉर्डातल्या सिस्टर्ससाठी साहित्य आणि आधार – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, इथल्या एका रुग्णालयात लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात सिस्टर आहे. झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडची मुलं जास्त, बहुतेक रक्ताच्या कॅन्सरची. नव्याने नोकरीला लागलेल्या सिस्टर मुलींसाठी मदत हवी आहे, आणि खरं सांगायचं तर आम्हा जुन्यांसाठीही.

केमोचं शिकवणं जमतं. विन्क्रिस्टीन हे केमोचं औषध फक्त शिरेतून, पाठीच्या कण्यात गेलं तर जीवच जातो, म्हणून सिरिंजमध्ये न भरता सलाइनच्या छोट्या पिशवीतून द्यायचं. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप आला तर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायलाच हवं. हे मी घोकून घेते. अडतं ते मुलाला घरी पाठवताना. आई भिली बोलते, आम्ही हिंदी. "100.4 झाला की लगेच निघा" म्हटलं की ती मान डोलावते, पण आकडे वाचता येत नाहीत. मग मी थर्मामीटरचं चित्र काढून देते आणि सांगते, डावीकडे ही उभी काठी (म्हणजे शंभरातला 1) दिसली की फोन कर. एका आईने तो कागद पदराला गाठ मारून नेला. अशी चित्रांची तयार कार्डं कुणाकडे आहेत का? तोंड येणं, रक्तस्राव, लघवी-उलटी साफ करताना हातमोजे, यांचीही हवीत. भिलीत किंवा निमाडीत बोललेलं काही असेल तर फारच उत्तम.

दुसरं मनाचं. रात्री मूल जातं, खाट पुसली जाते, सकाळी त्याच खाटेवर नवीन अ‍ॅडमिशन. हँडओव्हरमध्ये त्याचं एका ओळीत संपतं. आमच्यातली एक हुशार मुलगी, जिच्या हाताला सगळी पोरं न रडता सुई लावून घ्यायची, तिने बदली मागितली आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मी तिला दिला, तो चांगलाच आहे. पण याच कामातल्या माणसाशी बोलण्याची गरज वेगळी असते. मूल गेल्यावर सगळ्या सिस्टर्सनी थोडा वेळ एकत्र बसायचं, असं तुमच्याकडे होतं का? कोण बोलावतं? ड्युटीच्या वेळेत की नंतर? नंतर ठेवलं तर कुणी थांबत नाही, प्रत्येकीला घर आहे.

सिऑप या बालकर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नर्सिंगचे किमान निकष ठरवले आहेत: वॉर्डात एका नर्सकडे पाचपेक्षा जास्त मुलं नकोत, शिकलेल्या नर्सला दुसऱ्या वॉर्डात फिरवू नये. आमच्याकडे रात्री हे पार कोलमडतं. कुणी आपल्या रुग्णालयात हे मान्य करून घेतलं असेल तर अर्ज कसा लिहिला, कुणापुढे ठेवला, ते सांगाल का? आमच्या मेट्रनबाई ऐकून घेतात, पण वर न्यायला त्यांना लेखी काहीतरी लागतं.

मुंबई, पुणे, बडोदा, कुठल्याही बालकर्करोग वॉर्डातल्या सिस्टर इथे असतील तर जरूर लिहा. व्यनि केलात तरी चालेल, नाइटनंतर सकाळी उत्तर देते.