मदत हवी आहे: कबड्डीच्या गेमवर नामवंत खेळाडूचा चेहरा घ्यावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही परळचे तिघे मित्र मोबाइलवरचा कबड्डी गेम बनवतोय. पैसे मोजकेच. ते प्रो कबड्डीतल्या एखाद्या रेडरच्या मानधनावर घालावेत की खेळ आणखी चांगला करण्यावर, इथे अडलंय.

'फिफा २१', '२२' आणि '२३' या सलग तीन फुटबॉल व्हिडिओ गेमच्या कव्हरवर फुटबॉलपटू एम्बापे होता. २०२३ मध्ये या गेमचं फिफा हे नाव सुटलं आणि 'ईए स्पोर्ट्स एफसी २४' आला, तेव्हा कव्हरवर फुटबॉलपटू हालंड. नवख्या नावाला ओळखीचा चेहरा आधार देतो, असं मला मनापासून वाटतं. पण प्ले स्टोअरवर नखाएवढा आयकॉन दिसतो, त्यात रेडर कोण ओळखणार?

मित्र म्हणतो, लालबाग-प्रभादेवीची कबड्डीवेडी पोरं नाव ऐकूनच डाउनलोड करतील. जाहिरात क्षेत्रातलं कुणी आहे का? खेळाडूशी करार किती काळाचा करावा, तेही सांगा.