इंजिन 'माउंट'ला मराठीत काय? फाउंडेशन, बैठक, चुंबळ...

गिरगावकरीण
एरवी रस्त्यावर आणि अधूनमधून शर्यतीच्या ट्रॅकवर चालणाऱ्या, थोडे बदल केलेल्या गाडीसाठी इंजिन माउंट (इंजिन गाडीच्या सांगाड्यावर टेकवणारे रबरी आधार) कसे निवडावेत, अशी एक पुस्तिका मराठीत आणते आहे. पहिल्याच ओळीला अडले. गॅरेजात सगळे 'फाउंडेशन' म्हणतात, पण तपासणाऱ्यांचा शेरा आला की इंजिनाला इमारतीचा पाया कुठून आला. 'बैठक' लिहिलं तर लावणी आठवते म्हणे. दुसरं म्हणजे 'हार्डनेस' आणि 'स्टिफनेस' दोन्हीला मी 'कडकपणा' लिहिलंय. तेवढं चालून जावं.

स्पॅनर_१०नंबर
फाउंडेशनच लिहा. मुंबईच्या सुट्या भागांच्या बाजारात, कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाउसला जाऊन शुद्ध मराठीत 'आलंब द्या' म्हणालात तर दुकानदार आधी पाणी विचारेल. पुस्तिका वाचून माणसाला दुकानातच जायचंय ना?

शुद्धमती
दुकानात चालतं म्हणून बरोबर ठरत नाही. फाउंडेशन म्हणजे काँक्रीटमध्ये बोल्ट पुरून यंत्र जखडणं, जागचं हलू न देणं. माउंटचं काम नेमकं उलट. इंजिनाने थरथरावं, पण बॉडीला कळू नये. 'बैठक' त्यातल्या त्यात बरी.

स्पॅनर_१०नंबर
शब्द गिरण्यांतूनच आला असणार. तिथे प्रत्येक यंत्राला फाउंडेशन बोल्ट असायचे.

उत्तरेकडचा
मग दिल्ली-पंजाबच्या गॅरेजांत तोच शब्द कसा? गिरणगाव तिकडे नेलं होतं का कोणी?

आडवाट
'चुंबळ' का नको? हमालाचं डोकं आणि पाटी यांच्यामधली. वजन पेलते, हादरा खाते, मऊ असते. सगळे गुण आहेत.

पीळदार
शब्द देखणा आहे, पण चुंबळ फक्त दाब घेते. माउंटला ओढही घ्यावी लागते, आणि ट्रॅकवर खरा त्रास तोच. हिशेब बघा. आडवं बसवलेलं, पुढची चाकं ओढणारं इंजिन. १५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवायचा जोर), पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५, फायनल ड्राइव्हचं (चाकांआधीच्या शेवटच्या गिअरजोडीचं) ४. गुणाकार २१०० न्यूटन-मीटर. चाकांना मिळतो तेवढाच पीळ उलट दिशेने इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडीवर येतो. वरचे दोन माउंट आणि खालचा टॉर्क रॉड (इंजिनाला डोलू न देणारी दांडी) यांत ३५ सेंटिमीटर अंतर धरलं तर रॉडवर ६००० न्यूटन, म्हणजे साधारण ६०० किलोची ओढ. ॲक्सिलरेटर सोडला की ओढीचा ढकला होतो. चुंबळ केव्हाच खाली पडली असती.

(जाता जाता: टॉर्कला 'पीळ' म्हणा. मूळ लॅटिन धातूचा अर्थही पिळणं असाच आहे.)

शुद्धमती
पीळ मान्य. मग टॉर्क रॉड म्हणजे 'लगाम'.

स्पॅनर_१०नंबर
त्याला डॉगबोनही म्हणतात. हाडूक लिहा!

शोअर_सत्तर
ताई, नावाचं राहू द्या, तुमचा 'कडकपणा' जास्त महागात पडेल. शोअर ए हा आकडा मालाचा टणकपणा सांगतो. खोडरबर ४० च्या आसपास, टायरची वरची रबर ६० ते ७०, ट्रॉलीचं चाक ९५. माउंट किती ताठ आहे हे त्यातून अर्धंच कळतं. कंपनीच्या रबरी बुशात (माउंटच्या आतल्या गाभ्यात) मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. पहिले काही मिलिमीटर ते लवतं, मग आतल्या ठोकळ्याला टेकून एकदम ताठ होतं. त्याच ७० शोअरची भरीव वडी बसवलीत तर पहिल्या मिलिमीटरपासूनच ताठ. दोन्हीकडे 'कडक ७०' छापलंत तर वाचणारा दोन्ही सारखेच समजून पैसे देईल.

हार्डनेसला 'टणकपणा', स्टिफनेसला 'ताठपणा'. कडक चहाला ठेवा.

गिरगावकरीण
हे पटलं. म्हणजे 'रस्त्यासाठी किती कडक' हा अख्खा तक्ता बदलावा लागणार.

पीळदार
तक्त्यात आयडलिंगचा (गाडी उभी, इंजिन चालू) रकाना घाला, मुंबईत तोच निर्णायक. चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमला सेकंदाला सुमारे २७ धक्के देतं. माउंटवर बसलेल्या इंजिनाचा स्वतःचा ताल (हलवून सोडलं तर सेकंदाला किती वेळा डोलतं तो आकडा) १९ च्या खाली असेल तरच हादरे गाळले जायला सुरुवात होते (२७ भागिले दोनाचं वर्गमूळ, १.४१). समजा मूळ ताल १० आहे आणि माउंट चौपट ताठ केले. ताल दुप्पट, २० झाला. सिग्नलला एसी लावून उभे राहिलात की आरसा, स्टिअरिंग, दात, सगळं वाजणार. तीन सिलिंडरला ८०० वर धक्केच २०, तिथे तर वावच नाही.

शोअर_सत्तर
म्हणून क्रम असा. आधी फक्त टॉर्क रॉडचं बुश ७०-७५ चं. गिअर टाकताना लागणारा ठोका आणि सुटताना चाकांची उडी यातच बरीच कमी होते. पुरलं नाही तर गिअरबॉक्सच्या बाजूचा माउंट. इंजिनाच्या बाजूचा, आत तेल भरलेला माउंट गळत नसेल तर त्याला हात लावू नका. एकच माउंट सॉलिड ॲल्युमिनियमचा आणि बाकी मऊ, हे तर कधीच नको. सगळा भार त्या एकावर येतो आणि ब्रॅकेट चिरतं.

बसवताना जॅक आणि ऑइल पॅन यांच्यात लाकडी फळी हवीच. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, जॅक उतरवून वजन माउंटवर येऊ द्या, इंजिन पुढे-मागे हलवून बसू द्या, मगच आवळा. आधीच आवळलं तर रबर पिळलेल्या अवस्थेत जखडतं आणि लवकर फाटतं.

आणि रबराऐवजी पॉलियुरेथेनचं (रबरासारख्या लवचीक प्लास्टिकचं) बुश घेताना 'पॉलिईथर' जातीचं आहे का विचारा. पॉलिएस्टर जातीचं दमट, गरम हवेत हळूहळू भुगा होतं. आपली हवा माहीत आहेच.

आडवाट
बुशाच्या पोकळ्यांत काच चिकटवायचा युरेथेन सीलंट भरतात, तो स्वस्त उपाय पुस्तिकेत आहे का?

गिरगावकरीण
आहे. 'भरून रात्रभर वाळू द्या' असं लिहिलंय.

शोअर_सत्तर
रात्रभरात काही होत नाही. दिवसाला जेमतेम ३-४ मिलिमीटर, आणि जितकं आत तितकं हळू. वरून घट्ट, आत लोणी. थरांनी भरा, आठवडा द्या.

शुद्धमती
आणि 'वाळू द्या' चूकच. तो हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतो ना? मग पावसाळ्यात लवकर होत असणार. जे पावसाळ्यात लवकर होतं ते वाळणं कसं?

आडवाट
'आळतो'. पिठलं आळतं तसा.

स्पॅनर_१०नंबर
पिठलं पाणी उडून आळतं. इथे पाणी लागतं.

शुद्धमती
विरजण लागतं तसा 'लागतो' म्हणा.

गिरगावकरीण
पण माउंटला काय लिहू?

उत्तरेकडचा
दही लागतं ते उबेने. ओलाव्याचा काय संबंध?